गाणारा बदला

"त्ये खालचं मोठं लिव्हलंय बघ. त्ये वाच की," सिद्धरामनं पडद्यावर बोट टेकवलं.

शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत एकाच खुर्चीवर दोघं अर्धे-अर्धे बसले होते. आठवड्यापूर्वी एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांच्या 'कातळ' बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता, आणि ऑर्कुटवर कोल्हापूरच्या हेवी मेटल संगीतवाल्या पोरांत त्यावरून भांडण पेटलं होतं. निम्मी म्हणत होती, असा आवाज मेटलमध्ये आपल्याकडं कुणी लावलेला नाही. निम्मी म्हणत होती, मेटल म्हणजे ग्राऊल, पोटातनं काढलेला घोगरा गुरगुराट. हा तर देवळात बसल्यासारखा गातो. अकरा अकरा मिनिटांची गाणी कोण ऐकणार, असंही एकानं विचारलं होतं. त्याला 'मग लग्नाची वरात ऐक जा' असं उत्तर मिळालं होतं.

सिद्धराम शिरोळकडचा. इंग्रजीत लिहिलेलं राजशेखर त्याला वाचून, समजावून सांगायचा. राजशेखर बँडचा गिटारवाला. दिवसा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो तयार माल तपासायचा. 

खालचं मोठं लिहिलेलं 'पोलाद' नावाच्या कुणीतरी टाकलं होतं.  'पोलाद' म्हणजे राजशेखर स्वतःच होता.

त्या चाळीसेक मेसेजांत त्याच्या गिटारबद्दल एक ओळ नव्हती. मधला साडेतीन मिनिटांचा तुकडा बसवायला त्यानं आठ महिने घातले होते. स्तुती असो की शिव्या, सगळं सिद्धरामच्या वाट्याला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यानं खोट्या नावानं लिहून टाकलं होतं आणि मग शांतपणे डबा खाल्ला होता.

आता वाचायचं टाळलं तर संशय येईल, असं वाटून त्यानं वाचलं.

"गाणारा बदला. हा भजनाचा आवाज आहे. ह्याला सात मात्रासुद्धा मोजता येत नाहीत. गिटारवाला मान हलवून खूण करतो, तेव्हा कुठं ह्याचं तोंड उघडतं."

 सिद्धरामनं राजशेखरकडं बघितलं.

"बरोबर लिव्हलंय की. मला मोजाय येत न्हाय."

"सोड रं. कोण तरी रिकामटेकडा आसंल."

"रिकामटेकडा न्हाय. गाण्यातलं कळतंय त्याला." सिद्धराम उठला. "मी ग्राऊल शिकतो."

नको म्हणायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. राजशेखर नुसता खुर्ची सरकवत राहिला.

खरं तर तो आवाज राजशेखरनंच शोधून आणला होता. गावच्या मठात सिद्धरामची आई शांतव्वा दर सोमवारी शिवभक्तीची कानडी वचनं म्हणायची आणि मागं बसून सिद्धराम तिला साथ करायचा. ते ऐकून राजशेखरच्या अंगावर काटा आला होता. त्याच संध्याकाळी त्यानं सिद्धरामला बँडमध्ये ओढलं होतं.

पुढचे दोन महिने तालमीच्या गोडाऊनमध्ये सिद्धराम सीडी लावून नुसता ओरडायचा. शिकवणारं कुणी नव्हतं. एकदा तो दाराबाहेर जाऊन थुंकला, तेव्हा थुंकीत तांबडं होतं. राजशेखरनं ते पाहिलं आणि गिटारच्या तारा जुळवत बसला.

दुसऱ्या कार्यक्रमाला पहिल्याच गुरगुराटावर हॉल उसळला. ज्यांनी नावं ठेवली होती, ती पोरं पुढं येऊन नाचायला लागली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात सिद्धरामनं तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. त्यानं परत प्रयत्न केला. कुणीतरी कोंबड्याचा आवाज काढला आणि हॉलभर हशा झाला. राजशेखरनं आपला साडेतीन मिनिटांचा तुकडा वाजवायला घेतला. लोक उठून जायला लागले होते.

सिद्धरामच्या घशात गाठी झाल्या होत्या. ऑपरेशन झालं, पण आवाज परत आला नाही. बँड मोडला आणि सिद्धराम गावाकडं ऊस बघायला गेला. राजशेखरनं 'पोलाद'चं खातं पुसून टाकलं. तीन वर्षं तो शिरोळकडं फिरकला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "शिफ्ट लई वाढल्यात."

स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तेव्हा मात्र पोस्टानं धाडायला हात धजेना. एका रविवारी तो एसटीत बसला.

शांतव्वानं त्याला बघताच पाट मांडला. "किती वाळलास रे! आधी जेव, मग बोला." तिनं ताटात दोन भाकरी जास्तच वाढल्या. "तुमच्यासंगं होता तवा लई खुशीत आसायचा बघ. तुझं नाव घेतल्याबिगार घास गिळायचा न्हाय."  राजशेखरनं पाणी पीत पीत ताट संपवलं.

जेवण झाल्यावर दोघं उसाच्या बांधावर जाऊन बसले. सिद्धरामचा आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा झाला होता. तो ट्रॅक्टरबद्दल बोलत होता, पुराच्या पाण्याबद्दल बोलत होता.

"सिद्धा, मला एक सांगायचंय. त्ये पोलाद…"

"म्हाईत हाय."

राजशेखर एकदम त्याच्याकडं वळला.

"तू मान हलवतोस त्ये तुझ्या-माझ्याबिगार कुणाला म्हाईत हुतं? त्ये वाचलंस तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

सिद्धरामनं उसाचं एक पान तोडून बोटाभोवती गुंडाळलं. "वाटलं, तोंडावर सांगाय लाजत आसशील. तुला खरंच ग्राऊल पायजे आसंल. म्हटलं, शिकूया. दोस्त हाय आपला."

 माफी मागायची म्हणून राजशेखरनं वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एकही आता तोंडातून काढण्यासारखं उरलं नव्हतं. सांगायचं होतं ते एवढंच होतं: माझ्या गिटारवर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी तुझा गळा घालवला. ते सांगायचं धाडस त्याला त्या दिवशीही झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "लग्नाला ये."

"येतो की. अव्वालाबी आणतो."

परतीच्या एसटीची वेळ झाली. शांतव्वानं गुळाची ढेप बांधून दिली होती. ती पिशवी सिद्धरामनं स्वतःच उचलून घेतली. ते डांबरी रस्त्यापासून वीस पावलांवर होते, तोच बस वळणावरून आली. फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं. ड्रायव्हर वेग कमी करीना.

सिद्धरामनं हात वर केला आणि हाक मारली. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण राजशेखर अगदी शेजारी होता तरी त्याला नीट ऐकू आलं नाही. सिद्धरामनं परत तोंड उघडलं. बस समोरून निघून चालली.

"ओऽ पावणं! थांबा!" राजशेखर जीव खाऊन ओरडला.

बस बरीच पुढं जाऊन थांबली. सिद्धरामनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि 'पळ' म्हणून नुसता हात केला.