छज्ज्यातल्या अंजिराचा बारावा फोटो

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मिस्त्री परांचीवर होता आणि त्याचे दोन्ही हात सिमेंटने भरलेले होते. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी मुकादमाने तो त्याच्या खिशातून काढला आणि त्याच्या कानाला धरला. पलीकडची बाई अगदी हळू बोलत होती. तिचं बोलणं संपलं तरी मुकादमाचा हात तिथेच होता. रस्त्यापलीकडे मिस्त्रीच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. ओट्यावर बायकोचा कॅमेरा दिसत होता.

बायकोला नाद होता. शहरात भिंतीतून, पुलाच्या सांध्यातून जे उगवेल त्याचे ती फोटो काढायची. समोरच्या, आता मिस्त्रीच दुरुस्त करत असलेल्या जुन्या इमारतीच्या छज्ज्यात उगवलेलं अंजीर तिचं लाडकं. दर एक तारखेला, सकाळी नऊला, एकाच जागेवरून एक फोटो, वर्षाचे बारा. जागा चुकू नये म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी फरशीवर नेलपॉलिशचा ठिपका काढलेला.

"मी उपटतो, त्याचेच तू फोटो काढतेस," मिस्त्री म्हणायचा.

"म्हणून तर घाई करावी लागते," ती म्हणायची.

अकरा फोटो झाले होते.

तिचे दिवस करून पंधरा दिवसांनी तो कामावर परतला तेव्हा फक्त छज्ज्याचं काम राहिलं होतं आणि अख्ख्या इमारतीवर हिरवी जाळी चढली होती. घरी बसलं की खिडकीत जाळी, कामावर गेलं की अंगाभोवती जाळी. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, चार दिवस आमच्याकडे चला." तो म्हणाला, "एक तारीख होऊ दे."

मुकादमही मागे लागला होता. "मिस्त्री, छज्ज्यातली भेग कधी भरताय? मालक माझं डोकं खातोय."

"एक तारखेला झाडाचा फोटो झाला की दुपारी उपटतो."

"झाडाचा? ते काय लग्नाला उभं आहे?"

मिस्त्रीने रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. मुकादमाने मान खाजवली. "बरं. जाळी मी बाजूला करतो. पण दहा मिनिटं."

एक तारखेला मिस्त्री ठिपक्यावर उभा राहिला. कॅमेऱ्याला डोळा लावला तर झाड खिडकीच्या वरच्या गजाआड गेलेलं. तिच्या फोटोत ते दोन गजांच्या मधोमध असायचं. ती आपल्यापेक्षा वीतभर बुटकी होती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने गुडघे वाकवले. झाड जागेवर आलं, पण शेजारी जाळी धरून मुकादम उभा. फोटोत माणूस नको, असा तिचा नियम.

"बाजूला व्हा," तो खिडकीतून ओरडला.

"बाजूला झालो तर जाळी पडते. मला काय हौस आहे फोटोची?"

बडबडत मुकादमाने जाळी सुतळीने बांधली आणि तो आत गेला. आता चौकटीत फक्त झाड होतं. शेंड्याला एक नवं पान आलेलं, तिने न पाहिलेलं.

बारावा काढला की तिचं वर्ष संपणार होतं. फोटो काढला तर दुपारी उपटायचं, असं त्यानेच कबूल केलं होतं. नाही काढला तरी उपटायचंच होतं. बोट बटणावर होतं, ते तिथेच राहिलं.

"झालं का, मिस्त्री?"

"झालं," तो म्हणाला.

सुतळी सुटली, जाळी पडली. दुपारी त्याने छज्ज्यावर जाऊन अंजीर मुळासकट काढलं आणि भेग भरली. बारावा फोटो काढायचा राहिला.