दोराला लागलेला हात

"मास्तरानू, घंटा वाजवन मासो येना नाय हां!"

कायतान असे म्हणाला मात्र, जाळ्याच्या दोराला लागलेली सगळी रांग फिसकन हसली. इनास मास्तर शाळेची पितळी घंटा हातात धरून ओल्या वाळूत उभे होते. एक वहाण मघाशीच रुतून मागे राहिली होती. ती आणायला परत जावे तर आणखी हसे होईल, म्हणून ते एका पायाने अनवाणीच उभे राहिले.

ते आले होते कायतानला आणि बाकीच्या पोरांना न्यायला. रविवारी दुपारी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पडवीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना जमवून प्रार्थना आणि गाणी शिकवायची, हे काम पाद्रींनी त्यांच्यावर सोपवले होते. आज पडवीत आली होती एकटी रेजीन, तीही आईने दटावून पाठवली म्हणून. "बाकीची खंय गो?" मास्तरांनी विचारले तर म्हणाली, "रापणीर," म्हणजे किनाऱ्यावर जाळे ओढायला, आणि माडांपलीकडच्या समुद्राकडे अशी बघत राहिली, की तिलाही तिथेच असायचे होते हे आंधळ्यालाही कळले असते.

सत्तावन्न सालचा पावसाळा नुकताच सरला होता. मालवणहून आचऱ्याला जाताना माडांच्या आड ख्रिस्ती मच्छीमारांची ही एवढीशी वाडी. वाडी संपून वाळू सुरू होते तिथे चुना लावलेला एक खुरीस, म्हणजे क्रूस. दर वर्षी नाताळाआधी एका संध्याकाळी त्या खुरसापाशी लादीन म्हणायची, हा तिथला जुना रिवाज. एकाने मारियामाईची नावे लॅटिनमध्ये आळवायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला उत्तर द्यायचे, "ओरा प्रो नोबीस," आमच्यासाठी विनंती कर. मग उकडलेले चणे वाटायचे. ही नावे आधी मास्तरांचे वडील आळवीत, त्यांच्यामागे मास्तर आळवू लागले. पण आवाजाचे पुरुष एकेक करून बोटीवर नाहीतर मुंबईला गेले, आणि गेल्या वर्षी मास्तरांच्या हाकेला ओ दिली ती दोन म्हाताऱ्यांनी. मधूनमधून एका कुत्र्यानेही.

"इनास," पाद्री म्हणाले होते, "यंदा तरुण आवाज आले नाहीत तर खुरसाची लादीन बंद करू. पुढच्या वर्षीपासून इगर्जीतच म्हणू. रिकाम्या वाळूवर गाणं म्हणजे देवाची थट्टा."

पाद्री वाईट नव्हते, थकले होते. मास्तर मान खाली घालून "बरं, फादर" म्हणाले. त्यांना दुसरे काही सुचत नसे. पुस्तकात नाक खुपसून बसावे, मुलांना पाढे सांगावेत, इतपत त्यांना जमे. पण समोर माणूस आले, की तोंडातले शब्द उन्हात ठेवलेल्या मिठासारखे कोरडे पडत. पोरांना आपण काय धरून ठेवणार, असे त्यांचे त्यांनाच वाटे. म्हणून त्यांनी नियमाचा आधार घेतला होता. घंटेनंतर आला तो पडवीबाहेर उभा. पोरे थोडा वेळ बाहेर उभी राहिली आणि मग समुद्रावर गेली ती गेलीच.

"उबे कित्याक, मास्तरानू? धरा वायच!" हाक शिवाची होती. शिवा शेजारच्या हिंदू वाडीतला, कायतानचा जिवाचा सोबती.

मास्तरांनी घंटा वाळूत ठेवली आणि दोर धरला.

काथ्याचा ओला, खरबरीत दोर. तो हातात आला आणि मास्तर दचकले. दोर जिवंत होता. रापणीचे जाळे होडीने समुद्रात अर्धचंद्रासारखे टाकलेले, त्याची दोन टोके किनाऱ्यावर, आणि पलीकडून, जिथे नजर पोचत नव्हती तिथून, कुणीतरी भलेमोठे हा दोर सावकाश आपल्याकडे ओढत होते. मास्तरांचे सगळे आयुष्य समुद्राच्या गाजेत गेले होते, पण समुद्राचा हात त्यांनी आज पहिल्यांदा हातात घेतला.

"हेऽऽ सा!" पोरे ओरडली. रांग एक पाऊल मागे आली. मागच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडी, वाळूतून चालत पुढे पाण्याशी जाई आणि तिथून पुन्हा धरी. मास्तरही तसेच गेले. इथे शेवटचा म्हणून कुणी शेवटचा राहतच नव्हता. शुभवर्तमानातल्या जाळ्याच्या आणि मच्छीमारांच्या गोष्टी त्यांनी इतकी वर्षे मुलांना वाचून दाखवल्या होत्या, आणि दोर धरला होता आज.

जाळे वर आले. बांगड्यांचे ढीग घालून वाटे लागले. कायतानने एक ढीग पायाने त्यांच्याकडे सरकवला.

"ह्यो तुमचो."

"माझो कसलो रे? मी नुसतो धरून होतंय."

"दोराक हात लागलो म्हणजे वाटो लागलो," कायतान म्हणाला. "उशिरान इलास काय आनि बेगीन इलास काय. रापणीक तसला काय नाय."

मास्तर बांगडे माडाच्या पातीत ओवून घरी निघाले. घंटा वाळूतच राहिली. दुसऱ्या दिवशी रेजीनने ती आणून दिली तेव्हा त्यांनी ती शाळेच्या फळीवर ठेवली आणि रविवारी पुन्हा कधी खाली काढली नाही.

त्यानंतर रविवारी दुपारी मास्तर पडवीऐवजी रापणीच्या मांडवात दिसू लागले. पोरे जाळी शिवत आणि मास्तरही शिवायला बसत. त्यांनी घातलेल्या गाठी पाहून पोरांची हसून पुरेवाट होई. एकदा त्यांच्या हातून भोक एवढे मोठे राहिले, की शिवाने त्याला नावच दिले, मास्तराचा दरवाजा. मग मासळी कमी आली की कुणीतरी म्हणे, "गेली सगळी मास्तराच्या दरवाजातसून!" आणि मास्तर तोंडावर हात धरून हसत. आपल्याला इतक्या मोठ्याने हसता येते हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते विचारीत बसत. मासळी आली हे कसे कळते? कायतान त्यांना उंचवट्यावर घेऊन जाई. "थंय बगा. पानयाचो रंग बगा." मास्तरांना नुसते पाणी दिसे. मग एके सकाळी त्यांना दिसले. निळ्या पाण्यात जांभळट सावली, आणि आकाशात एकही ढग नाही. हजारो जीव एकाच वेळी वळले, आणि ती सावली वळली. मास्तरांचा हात नकळत कपाळाकडे गेला, खुरसाची खूण करायला. कायतानने ते पाहिले आणि मेल्याने चक्क थट्टा केली नाही.

हळूहळू संध्याकाळी पोरे मास्तरांच्या ओट्यावर येऊ लागली. रेजीन आली, तिच्या दोघी मैत्रिणी आल्या, शिवाही येऊन खांबाला टेकून बसे. गप्पागजाली चालत. मध्येच मास्तर एखादे नाव गुणगुणत आणि पोरे उत्तर देत. रेजीनचा आवाज असा काही वर जाई, की मास्तर पुढचे नाव विसरत.

एकदा बाकीचे गेले तरी कायतान मागे रेंगाळला. त्याचा बाप सान्तान श्रावणातल्या वादळात होडीसकट गेला होता. होडीची एक फळी तेवढी परत आली होती.

"मास्तरानू, ज्येका फोंड नाय त्येच्यासाटी लादीन चलता?" त्याने विचारले. गावाच्या बोलीत थडग्याला फोंड म्हणतात. "आवय दर सोमवारी इगर्जीच्या मागे जाता, आनि मेणबत्ती खंय लावची ता तिका कळना नाय. हातात धरून परत येता."

मास्तरांकडे पुस्तके होती. एखादे वचन शोधून सांगता आले असते. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "माका म्हायत नाय रे, बाबा."

उठताना कायतान म्हणाला, "खुरसाच्या लादनीक आमी सगळी येतलंव. पन शेवटाक बापायचा नाव घेवा."

"घेतंय," मास्तर म्हणाले. त्या एका शब्दाचे ओझे त्यांना त्या दिवसापासून छातीवर जाणवू लागले.

लादनीची संध्याकाळ आली. खुरसाला नवा चुना, झेंडूची माळ, पायाशी मेणबत्त्या. चण्यांचे पातेले वाफाळत होते. पाद्री आले, म्हाताऱ्या आल्या, कायतानची आई डोक्यावरून पदर घेऊन एका कडेला बसली. पोरे नदीवर आंघोळ करून येताना दिसली, केस चापून बसवलेली, इस्त्रीचे सदरे. मास्तरांचा ऊर भरून आला.

आणि तेवढ्यात उंचवट्यावरून आरोळी आली. कुणीतरी डोक्यावरचे फडके काढून गरगरा फिरवत होते. मासळी! सूर्य बुडायला टेकलेला, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाणी जांभळे झालेले.

मासळी दिसल्यावर दोराला न धावणे या किनाऱ्यावर कुणाला माहीत नाही. पोरे थबकली. कायतानने एकदा खुरसाकडे पाहिले, एकदा आईकडे. मग इस्त्रीचा सदरा काढून वाळूत टाकला आणि धावला. त्याच्यामागे सगळीच धावली. रेजीनसुद्धा, परकर खोचून.

खुरसापाशी राहिल्या त्या म्हाताऱ्या.

"बघितलंस, इनास?" पाद्री हळूच म्हणाले. रागावले नव्हते, ते अधिक लागले. "चल, आपण आपली म्हणून घेऊ."

मास्तरांनी तोंड उघडले. "सान्ता मारिया" एवढे म्हटले आणि पुढचा शब्द निघेना. तिकडे होडी जाळे टाकून वळली होती, दोर ताणले होते, काळोख उतरत होता. आपण पोराला शब्द दिला आहे, आणि पोर तिथे आहे.

त्यांनी वाकून खुरसाच्या पायाशी ठेवलेला कंदील उचलला.

"कुठे निघालास? लादीन खुरसापाशी म्हणतात!"

"होय, फादर," मास्तर म्हणाले, आणि चालू लागले. पाद्रींचे न ऐकण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

पाण्याशी पोचून त्यांनी कंदील वाळूत रोवला, कायतानच्या मागे दोर धरला, आणि होता नव्हता तो आवाज काढून आळवले,

"सान्ता मारियाऽऽ!"

रांगेत क्षणभर कुणाला काही कळले नाही. मग रेजीनचा आवाज चढला, "ओरा प्रो नोबीस!" आणि "नोबीस"वर, कुणी न सांगता, सगळ्या रांगेने मिळून दोर ओढला.

"स्तेला मातुतिनाऽऽ!"

"ओरा प्रो नोबीस!" एक पाऊल मागे.

"हेऽऽ सा"ची जागा त्या उत्तराने घेतली, जणू ते दोरासाठीच घडवले होते. शिवाची हाक घुमली, त्याच्या वाडीतले म्हातारे-कोतारे दोराला होते तेही ओढीबरोबर तेच म्हणू लागले. अर्थ कुणाला ठाऊक होता, कुणाला नव्हता, पण सगळ्यांच्या पाठी एकदम वाकत होत्या. मागच्या टोकाचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याशी जात होता आणि चालताचालता उत्तर देत होता. मास्तर नावे आळवत होते आणि त्यांना आपला आवाज आपला वाटत नव्हता. पायांशी प्रत्येक लाट फुटताना निळसर पेटत होती. बापाच्या मागे उभे राहून ही नावे शिकलो तेव्हा ती एवढी मोठी आहेत हे आपल्याला कुणीच कसे सांगितले नाही, असे त्यांना वाटत राहिले.

नावे संपली. जाळे अजून अर्ध्या पाण्यात होते.

"आता," मास्तर म्हणाले, "सान्तानासाटी. कायतानाचो बापूस. एक आमच्या बापा."

कुणी ओढले नाही. कुणी सोडलेही नाही. सगळी रांग दोर धरून निश्चल उभी राहिली आणि हळू आवाजात प्रार्थना सुरू झाली. ज्यांना ती येत नव्हती ते माना खाली घालून उभे होते. आणि त्या अवघ्या वेळात पलीकडून समुद्र दोर ओढत होता, सावकाश, हिसका न देता. कायतानच्या आवळलेल्या मुठी मास्तरांच्या अगदी समोर होत्या. त्यांत दोर मागेपुढे होत होता.

वाळू करकरली. कायतानची आई खाली आली होती. तिने हातातली मेणबत्ती कंदिलावर पेटवली, आणि ती कुठे लावावी हे या वेळी तिला कुणाला विचारावे लागले नाही. पाण्याच्या कडेशी, ओल्या वाळूत तिने ती खोचली. पुढची लाट येऊन ती विझवून गेली. तिने पदर सावरला आणि येऊन दोर धरला. तिच्यामागे झगा वर खोचून पाद्री उभे होते.

वाटे लागले तेव्हा शिवाने एक ढीग पाद्रींपुढे सरकवला. "ह्यो तुमचो, फादर." पाद्री काहीतरी बोलू लागले, तर मास्तरच म्हणाले, "घ्या, फादर. इथे नाही म्हणत नाहीत." चण्यांचे पातेले शेवटी कुणीतरी खालीच आणले.

लादीन बंद झाली नाही. कायतान पुढे बोटीवर लागला, रेजीन लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेली. त्यांच्यामागे त्यांची धाकटी भावंडे ओट्यावर येऊ लागली, मग त्यांच्याही मागची. नंतर इगर्जीतली लॅटिन गेली, प्रार्थना आपल्या भाषेत आल्या. मास्तरांनी नवीन शब्द पाठ केले, पोरांना शिकवले. दोराने मात्र जुनेच ठेवले. त्याला कुणी कळवलेच नाही.

सदुसष्टच्या डिसेंबरात मास्तर खाटेला खिळले होते. दम्याने आवाज पार बसलेला. संध्याकाळी गाज ऐकत पडले असता तिच्यावरून दुसरे काही आले. नाव आळवणारा आवाज कोवळा होता, नुकताच फुटलेला, मध्येच चिरकत होता. आणि मग सगळ्यांचा मिळून, "ओरा प्रो नोबीस!"

काळोख पडल्यावर कायतानची धाकटी बहीण दारात आली. हातात माडाच्या पातीत ओवलेले बांगडे.

"मास्तरानू, तुमचो वाटो."

मास्तरांनी मान हलवली. ओठ हलले, आवाज फुटला नाही, पण तिला कळले. माझा हात कुठे लागला, बाये?

पोर खाटेकडे बघत होती. खाटेच्या कडेचा सुंभ मास्तरांच्या मुठीत घट्ट धरलेला होता, आणि तो ओढून ओढून त्या बाजूने पार ताणला गेला होता.

तिने बांगडे उंबऱ्याच्या आत ठेवले, आणि मांजर येऊ नये म्हणून वर टोपली पालथी घातली.