आणखी थोडी खाली
ताईने गिटार माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवली आणि नेहमीचंच वाक्य म्हणाली, "बारक्या, आणखी थोडी खाली कर."

मी साठी ओलांडली, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी ताईसाठी बारक्याच. त्याचं काही नाही. पण दिवसभर लोकांच्या वाद्यांची रडगाणी ऐकून पाठ मोडलेली असताना शेवटचं गिऱ्हाईक म्हणून सख्खी बहीण यावी, हे जरा जास्तच होतं. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणता येतं. बहिणीला म्हणून बघा.

खाली करायच्या म्हणजे तारा. गिटारच्या पोटावर लाकडी ब्रिज असतो आणि त्याच्या खाचेत हाडाची एक पट्टी उभी असते, सॅडल म्हणतात तिला. सगळ्या तारा तिच्यावरून जातात. पट्टी उंच असली की तारा उंच राहतात आणि दाबायला जोर लागतो. ती काढून खालच्या बाजूने घासली की तारा उतरतात, बोटांना सुख होतं. पण सुख फुकट मिळत नाही. तारांचा पट्टीवरचा भार कमी होतो आणि आवाजातला दम जातो. ताईच्या डाव्या हाताची बोटं सांध्यांत वाकडी व्हायला लागल्यापासून माझं हे घासणं चालू होतं. दर वेळी बोटं जरा सुटायची आणि आवाज जरा बसायचा.

"वाजव बघू."

तिने वाजवलं. जाड तारा गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पडद्यांना लागून खरखरल्या, डब्यात सुटे स्क्रू हलवावेत तशा.

"पट्टी पार खाचेत बुडालीय, ताई. आता घासायला काही उरलंच नाही."

"मग मी काय करायचं?"

"वाजवणं बंद करायचं."

बोलून गेलो खरा. दमलेल्या माणसाने तोंड उघडू नये, हे मला या वयातही कळत नाही. भावजी गेले, भाची लांब राहायला गेली, तेव्हापासून ताईची संध्याकाळ या वाद्यावरच निभावत होती. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. ती उठली. गिटार पेटीत ठेवून कडी लावायला गेली, तर ती कडीही तिच्या बोटांना दाद देईना. मला स्वतःचीच चीड आली.

"ठेव ती इकडे," मी म्हणालो.

निदान मूळचा आवाज तरी तिला ऐकवावा म्हणून खालच्या ड्रॉवरमधून मूळ पट्टी काढली. पहिल्यांदा घासायची वेळ आली तेव्हाच मी ती बाजूला ठेवून दुसरी कापली होती. वाद्याचं मूळ हाड घासायचं नाही, ही माझी जुनी खोड. घासलेलं परत वाढत नाही. तारा सैल केल्या, बुटकी पट्टी उपटली, उंच बसवली. नायलॉनच्या तारा सूर लगेच धरत नाहीत, पुन्हा पुन्हा पिळाव्या लागतात. तोवर ताई माझ्या टेबलावरचा पसारा बघून नाक मुरडत होती.

मग तिने उजव्या हाताने मोकळी तार छेडली. आवाज खोलीभर झाला, टेबलावरच्या चिमट्यालाही कंप सुटला.

"अगं बाई! ही अशी बोलायची?"

"अशीच बोलायची. तूच तर बोलती करायचीस."

ताईचा चेहरा एवढा खुलला की मला वाटलं, झालं काम. पण तिने डाव्या बोटाने तार दाबली, ती अर्ध्यावरच अडली. पुन्हा दाबली, बोट घसरलं. तिसऱ्यांदा तिने हात लावलाच नाही.

"चणे दिलेस रे बारक्या," ती डोळे पुसत म्हणाली, "दात कुठून आणू?"

मी बुटकी पट्टी उचलून तिच्यापुढे धरली. विचारलं, "मग कुठली ठेवू? काय ते सांग."

ताईने बराच वेळ त्या बुटक्या पट्टीकडे पाहिलं.

"हीच उंच राहू दे. तू स्टूल घे आणि माझ्या डाव्या बाजूला बस."

"मी? मला तपासणीपुरते तीन सूर येतात."

"मला आता तेवढेही येत नाहीत. दुसरी तार, तिसरा पडदा. दाब."

मी दाबली, तिने छेडली. सूर मेल्यासारखा निघाला.

"पडद्याला चिकटून दाब. जन्मभर गिटारी दुरुस्त केल्यास ना? कुंथतोस काय!"

ती लहानपणी सतत वाजवायची ती धून आम्ही दोघांनी मिळून रखडत रखडत ओढली. एक सूर, मग माझ्या बोटाची शोधाशोध, मग तिचं ओरडणं, मग पुढचा सूर. पण जो सूर लागायचा तो असा भरून लागायचा की ओरडता ओरडता ताई गप्प व्हायची. माझ्या बोटांच्या टोकांना तारांचे लाल वळ उठले.

"ताई, दुखतंय गं."

"दुखतंच," ती म्हणाली. "उद्या दुकान जरा लवकर बंद कर. घरी ये."

मी फार दमलो होतो. येतो म्हणालो.