भात्याची कडी

ग्रुपवर श्रीपती सरांचा अंगठा आला, की अतुलची कॉलर ताठ व्हायची. ‘घरचा सराव’ असं त्या ग्रुपचं नाव. श्रीपती सर देहूरोडला पेटीचा क्लास चालवायचे आणि क्लासच्या प्रत्येक आईबापाने रोज संध्याकाळी आपल्या लेकराचा पेटी वाजवतानाचा व्हिडिओ त्या ग्रुपवर टाकायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. वर्षअखेरीला ज्याचा घरचा सराव सगळ्यांत चांगला, त्याला ट्रॉफी. मग काय विचारता, झुंबड उडाली. कुणाची मुलगी नऊवारी नेसून, कुणाचा मुलगा फेटा बांधून. पोरं सरावाला बसलीत की वरातीला निघालीत, तेच कळेना.

अतुलच्या बायकोला, यशोधराला, त्या ग्रुपचा वीट आला होता. पण बघितल्याशिवाय तिला राहवायचंही नाही. ती तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. दुपारची ड्यूटी, घरी पोचेपर्यंत सात वर्षांची तेजल झोपून गेलेली. लेकीची पेटी तिला ऐकायला मिळायची ती परतीच्या लोकलमध्ये, मोबाईलवर. घोरावाडी स्टेशन मागे पडलं की ती कानात इअरफोनची बोंडं घालायची. मागे फुलाफुलांची चादर ताणलेली, पुढे पावडर थापलेली तेजल, आणि भूपाची सरगम. एक सूर इकडचा तिकडे नाही. यशोधराचा ऊर भरून यायचा. मग खालच्या कमेंटी वाचल्या, की तोंड कडू व्हायचं. ‘साक्षात देवी आहे हो पोर!’ असं लिहिणारी बाईच क्लासच्या जिन्यात नाक मुरडून जायची, हे तिला ठाऊक होतं.

पेटी यशोधराच्या हट्टाने घरात आली होती. लहानपणी वस्तीत जयंतीला भीमगीतं व्हायची, तेव्हा ती पेटीवाल्याला खेटून बसायची. पट्टीला बोट मात्र कुणी लावू दिलं नव्हतं. आपल्या पोरीला एक तरी चाल स्वतःच्या हातांनी वाजवता यावी, एवढंच तिचं मागणं होतं. ट्रॉफी तिच्या ध्यानीमनी नव्हती. नाव घालायला ती गेली, तेव्हा सर म्हणाले होते, “घरी मोठ्यांपैकी कुणीतरी रोज शेजारी बसायचं. शिकवायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं बसायचं.” तिला ते फार पटलं होतं. तिच्याने बसणं होईना, म्हणून अतुल बसायचा. तो डेपोत स्टोअरकीपर, पाचला मोकळा. नवरा आपल्या लेकीसाठी एवढा वेळ देतो, म्हणून दवाखान्यात ती त्याचं कौतुक सांगायची.

कार्यक्रम आठवड्यावर आला असताना तिची ड्यूटी बदलली आणि ती दिवेलागणीलाच घरी आली. दारात चप्पल काढतानाच आतून सरगम ऐकू आली. किती दिवसांनी प्रत्यक्ष ऐकतेय, म्हणून ती पाय न वाजवता आत गेली.

स्टँडवर मोबाईल, त्याला दिव्याचं गोल कडं, आणि समोर गुडघ्यांवर बसलेला अतुल. टीव्हीशेजारच्या स्पीकरमधून सरगम वाहत होती. तेजलची बोटं पट्ट्यांवरून सराईतपणे फिरत होती. डावा हात भात्यावर होता, पण भाता मिटलेला होता. त्याची कडीसुद्धा लावलेली होती. पेटीतून जराही आवाज येत नव्हता. तेजल मान डोलवत कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

“अहो, हे काय चाललंय?”

“शू!” अतुल म्हणाला. टेक पुरा झाल्यावरच त्याने मान वळवली. ना खेद ना लाज. “अगं, सरांनी स्वतः वाजवून नमुन्याला रेकॉर्डिंग पाठवलं होतं ना, ते लावतो. आधी खरंच वाजवायची. चुकायची, रडायची, दहादा घ्यावं लागायचं. एकदा कडी लावली, कटकटच गेली. आता बघ, बोटं कशी बसलीत!”

“आणि सूर?”

“येईल की मागाहून. सगळेच करतात गं.”

तेवढ्यात मोबाईल वाजला. व्हिडिओ गेला होता आणि सरांचं उत्तरही आलं होतं. ‘वा, तेजल! काय स्वच्छ हात आहे!’

यशोधराने ते दोनदा वाचलं. माणूस स्वतःच्याच पेटीला वाहवा देत होता. स्वतःचा हात त्याला ओळखता आला नाही, की ओळखूनही तो गप्प बसला? दोहोंतलं जास्त ओंगळ काय, ते तिला ठरवता येईना. दवाखान्यात तिने काय काय उपसलं होतं, कधी नाकाला पदर लावला नव्हता. आता मात्र तिचा पदर आपोआप नाकाशी गेला.

चहाही न घेता ती तेजलजवळ बसली. तिने कडी काढली, भाता मोकळा केला. “वाजव बाळा. मला ऐकव.”

तेजलने वाजवलं. भाता कधी जोरात, कधी रिकामा. पेटी धापा टाकत बोलली. दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि भसाडा आवाज निघाला. तेजलने झटकन दोन्ही हात कानांवर ठेवले. कुणी ताटात झुरळ टाकावं तसा तिचा चेहरा झाला.

“शी! बंद कर, आई! ही माझी पेटी नाहीये. माझी छान वाजते!”

यशोधराला वाटलं होतं, पोरीचं शिकणं राहून गेलंय, बसून भरून काढू. इथे तर पोरीला स्वतःच्या सुराचीच घाण वाटायला लागली होती. रात्री ती अतुलशी कडाकडा भांडली. कार्यक्रम रद्द, म्हणाली. अतुलने सांगितलं, स्टेजवरही ट्रॅक लागणारच आहे, सरच म्हणालेत, पोरं बावरतात, तेवढाच आधार. तिने सरांना फोन लावला. सर गोड हसले. “ताई, पालकांचा हिरमोड करून चालत नाही हो.” सकाळी तेजल नवा फ्रॉक छातीशी धरून उभी राहिली, “मला ट्रॉफी नाही मिळणार?” आणि यशोधराने त्या फ्रॉकला इस्त्री करून ठेवली.

रविवारी सकाळी शिरगावच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अतुलची आई, आक्काबाई, नातीसाठी गावाहून मुद्दाम आली होती आणि पहिल्या रांगेत मांडी घालून खुर्चीवर बसली होती. एकामागून एक पोरं येत होती, सगळ्यांच्या पेट्या एकाच गळ्यातून निघाल्यासारख्या वाजत होत्या, आणि आईबाप मोबाईल उंच धरून एकमेकांना कोपरं मारत होते.

तेजलचं नाव पुकारलं. ती बसली, अतुलने तिला फ्रॉकच्या चुण्या नीट करून दिल्या, जाता जाता भात्याची कडी चाचपली. सरगम सुरू झाली. बोटं धावली. सर डोळे मिटून डोलायला लागले.

आणि लाईट गेली.

पंखे थांबले, दिवे गेले, आणि पेटीही थांबली. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. तेजलची बोटं चालूच होती. हॉलभर शांतता पसरली आणि त्या शांततेत पट्ट्यांची नुसती टकटक ऐकू येत राहिली. मग बोटं मंदावली. तेजलने पहिल्या रांगेकडे बघितलं.

“बाबा, आवाज गेला.”

“आगं बया,” आक्काबाई मोठ्याने म्हणाली, “पेटीला लाईट कशाला लागती? आमच्या वस्तीत जयंतीला कंदिलाखाली वाजवायची की पोरं!”

कुणीतरी खुदकन हसलं. पण सर पट्टीचे. ते लगेच पुढे झाले. “लाईट गेली तरी मुलीची लय सुटली नाही, बघितलंत? टाळ्या!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! ज्यांच्या पोरांचं वाजवून झालं होतं त्यांनी जोरात, ज्यांचं व्हायचं होतं त्यांनी त्याहून जोरात. ट्रॉफी तेजललाच मिळाली. अतुलने सरांच्या पायांना हात लावला. यशोधरा तोंड धुवायला म्हणून बाहेर गेली आणि नळाखाली बराच वेळ चुळा भरत राहिली.

बाहेर आक्काबाई भेटली. सुनेच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, त्या लेकराला काय बी येत न्हाई नव्हं?”

“न्हाई, आत्या,” यशोधरा तिच्याच बोलीत म्हणाली. आक्काबाईने पदराने घाम पुसला. तिथूनच ती गावाकडे निघून गेली.

घरी आल्यावर अतुल ट्रॉफीचे फोटो टाकायला गॅलरीत गेला. तेजल कोपऱ्यात बसली होती. यशोधराने पेटी ओढली, कडी काढली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः पट्टीवर बोट ठेवलं. काय तो आवाज! रेडकू हंबरावं तसा. ती थांबली नाही. तिने आणखी दोन पट्ट्या दाबल्या, भाता हाणला, दात-ओठ खाऊन वाजवत राहिली.

तेजलने कान झाकले. मग एक कान उघडला. मग तिला हसू फुटलं.

“आई, किती घाण वाजवतेस गं तू!”

“मग तू वाजव. घाण तर घाण. मी बसते इथे.”

तेजल सरकली. भाता यशोधराने धरला. सा आला, रे आला, गंधार घसरला. तेजलने नाक मुरडलं, पण हात उचलला नाही. पुन्हा सा, पुन्हा रे, आणि या खेपेला गंधार लागला. थोडा कापरा, पण तिचा. पोरीने चमकून आईकडे बघितलं.

“अरे वा!” दारात अतुल उभा होता, मोबाईल समोर धरून. “मायलेकी! झकास! परत एकदा घ्या, तेजू, इकडे बघ.”

तेजलची पाठ ताठ झाली. डावा हात सवयीने मागे गेला, तिने आईच्या हातातून भाता सोडवला, दाबून मिटवला आणि कडी लावली. मग मान तिरकी करून, सगळे दात दाखवत, ती मोबाईलकडे बघून हसली.

यशोधराच्या अंगावर सरसरून शिसारी आली. ती उठली. तिने नवऱ्याला मोबाईलसकट गॅलरीत ढकललं आणि दार आतून लावून घेतलं. तो काचेवर टकटक करत राहिला.

तेजल अजून दाराकडे बघून हसतच होती. यशोधरा तिच्याजवळ येऊन बसली आणि ते हसू ओसरायची वाट बघू लागली.