कडूबाई गप्प बसली

झरीच्या अलीकडच्या एका लहान गावात ग्रामसभा म्हटली की कडूबाई बोलणार, हे ठरलेलं. नळाला पाणी यायचं ऐन दुपारी, बाया कापूस वेचायला रानात असताना. कडूबाई दर सभेत उठून तेच सांगायची. सरपंच व्यंकटराव हसून ऐकायचे आणि पुढचा विषय काढायचे.

बायांची संघटना बांधायला परभणीहून रेणुका यायची. तिनं एकदा कडूबाईला बाजूला घेतलं.

"मावशी, येत्या ग्रामसभेत तुमी बोलू नका. तुमी उठल्या की त्यांना वाटतंय, हे एकटीचंच गाऱ्हाणं हाय. दुसऱ्या बायांना बोलतं करा."

कडूबाईला ते लय लागलं. संघटनेच्या पुढच्या बैठकीला ती गेलीच नाही. पण घरी तरी चैन कुठं पडायला? शेवटी ती आपणहून किराणा दुकानवाल्या सिद्धम्माकडं गेली, तिथून शेजारच्या नव्या सुनेकडं, बबिताकडं. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर सभेत बोलायची तालीम सुरू झाली. कडूबाई खांद्यावर उपरणं टाकून सरपंच व्हायची आणि जी बोलेल तिला मध्येच तोडायची. बाया हसून लोळायच्या. पण तोडलं तरी वाक्य पुरं करायला शिकल्या.

सभेत सिद्धम्मा उठली. "आमाला पाणी..." म्हणाली आणि अडकली. कडूबाईनं उठायला जमिनीवर हात टेकला, मग पदर दातात धरून तशीच खाली बघत बसली.

"पाणी सकाळी पायजे," सिद्धम्मा पुन्हा बोलू लागली. "दुपारी मी गिऱ्हाईक बघू का हंडे भरू?"

मग बबिता उठली. व्यंकटरावांनी तिला मध्येच थांबवलं, तरी तिनं आपलं म्हणणं पुरं केलंच. मागच्या बायाही एकेक करून बोलू लागल्या. व्यंकटराव गोंधळले.

"कडूबाई, आज तुमी गप्प का?"

"सगळ्याजणी बोलायल्यात की. ऐका."

सोमवारपासून पाणी सकाळी सोडायचं ठरलं. पुढच्या सभेत रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय मी मांडणार, असं बबितानं घरी जाता जाता सांगून टाकलं. कडूबाईला जरा चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं.

रेणुकानं तिला विचारलं, पेडगावच्या बायांना तयार करायला येता का. पुढच्या आठवड्यात दोघी काळी-पिवळी जीपमध्ये बसून निघाल्या. सभेत जे जे बोलायचं राहिलं होतं, ते सगळं कडूबाईनं रेणुकाला वाटेत ऐकवलं.