माझ्या पोटात आग लागली तेव्हा

मित्रांनो, मी पाण्यावर धावणारी एक जुनी स्कूटर आहे. लोक मला वॉटर स्कूटर म्हणतात. माझ्या कुशीवर पूर्वी पिवळा पट्टा होता. आज तिथे काजळी आहे आणि सीटजवळ हातोड्याचे तीन खोलगट घाव आहेत. ते कसे पडले, ते सांगते.

मी दोन भावांची. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणत. किनाऱ्यावर येणाऱ्यांना ते माझ्यावरून फिरवून आणत आणि कोणी बुडू लागले की मला घेऊन लाटांत शिरत. अकरा जणांना मी बाहेर आणले आहे. एकाचे तर केस धरून ओढावे लागले होते. शुद्धीवर आल्यावर त्याने मला मिठी मारली आणि माझ्यावरच ओकला. तोही माझा मानच होता!

माझे इंजिन समुद्राच्याच पाण्याने थंड राहते. मागचा पंप पाणी आत ढकलतो. ते इंजिनाभोवती फिरते, मग तापलेल्या धुरात मिसळते आणि त्याच्यासोबत बाहेर पडते. त्या पाण्यामुळेच धुराची रबरी नळी जळत नाही. सुरुवातीला दोघे भाऊ रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्याने आतून धूत. धाकटा तर माझ्याशी बोलायचासुद्धा.

पुढे किनाऱ्यावर गर्दी वाढली. दुसऱ्या स्कूटरवाल्यांशी हमरीतुमरी होऊ लागली. एकदा थोरल्याने एकाचे नाक फोडले, एकदा त्याचेच दात हलले. त्या चढाओढीत मला लाटांवर आपटत पळवले जाई आणि संध्याकाळी तशीच खारट अंगाने वाळूत ढकलले जाई. माझ्या आत मीठ साचत गेले. मी तापू लागले आणि धोक्याची सूचना देणारा माझा बझर वाजू लागला.

"सारखी पिरपिर! लोक घाबरून उतरतात," असे म्हणत थोरल्याने चाकू काढला आणि बझरची तार कापून टाकली.

काही दिवसांनी माझी बॅटरी बसली. मला मिस्त्रीणबाईंच्या गॅरेजमध्ये नेले. वडिलांच्या मागे ते गॅरेज त्या एकट्या चालवत. त्यांनी नवी बॅटरी बसवली आणि जाता जाता धुराची नळी अंगठ्याने दाबून पाहिली.

"अरे, ही कडक पडलीये. दोन दिवस ठेव, सगळं उघडून बघते."

"ताई, ऐन गर्दीत कसं जमेल? पुढच्या आठवड्यात आणतो की," थोरला म्हणाला.

बाईंनी नळी पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग त्यांनी चावी दिली.

आठव्या दिवशी दुपारी एक पोहणारा पाण्याच्या ओढीत सापडला. धाकटा मला घेऊन सुसाट निघाला. लाटा माझ्या नाकाडावर मुठीसारख्या आदळत होत्या. त्याने त्या माणसाला माझ्या पाठीवर ओढून घेतले आणि परत वळला, तेव्हा माझ्या आत पाण्याचा थेंबही फिरत नव्हता. नळी पेटली. ओरडायला माझ्याकडे आवाज नव्हता. सीटच्या फटीतून धूर निघाला, धाकटा खाली वाकला आणि त्याच क्षणी साचलेल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाला. सीट हवेत उडाली. दोघेही पाण्यात फेकले गेले. एका होडीवाल्याने त्यांना उचलले. पोहणारा वाचला. धाकट्याची डावी पोटरी मात्र गुडघ्यापर्यंत भाजली होती. लाटा माझ्या पोटात शिरल्या, तेव्हा कुठे आग विझली.

दोरीने ओढत मला गॅरेजमध्ये आणले. मागोमाग थोरला आला. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता.

"काय केलंस तू हिला? माझा भाऊ तिकडे किंचाळतोय!"

"आधी ऐकून घे..."

त्याने पाइप हाणला. बाईंनी डोके वाचवायला उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो इंजिनाच्या आवाजापेक्षा लहान असतो, पण मला अजून विसरता आलेला नाही. बाई खाली कोसळल्या. मग तो माझ्याकडे वळला. बाकावरचा हातोडा उचलून त्याने माझ्यावर तीन घाव घातले. शेजारचा वेल्डर धावत आला आणि त्याने थोरल्याला मागून कवळून भिंतीशी दाबून धरले.

"बाई, आधी दवाखान्यात चला," वेल्डर ओरडला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डाव्या हाताने ओढणी सोडली आणि दातांनी गाठ मारून मोडका हात छातीशी बांधला.

"आत्ता गेले तर उद्यापर्यंत सगळीकडे माझ्याच नावाने बोंब होईल. आधी हिला उघडायचं. आणि यानेच उघडायचं. मी सांगते तसं."

थोरल्याची मानगूट वेल्डरच्या मुठीत होती. तशातच थोरल्याने पाना घेतला.

"पंपाकडून येणारी नळी सोडव. तिच्यात पाणी सोड." पाणी आरपार आले. "म्हणजे ही मोकळी आहे. आता इंजिनाभोवतीचा मार्ग बघ." गढूळ, तांबूस पाणी आले, पण आले. "आता धुराच्या नळीच्या तोंडाशी जिथून पाणी शिरतं, तो सांधा."

थोरल्याने पाणी सोडले. एक थेंबही पडला नाही. नळाचा जोर वाढवला, तरी नाही.

"तार घाल."

तार अर्ध्यावर अडली. त्याने खुपसली, पिळली, ठोकली. शेवटी मीठ आणि वाळूचा दगडासारखा खडा खाली पडला. जळक्या नळीचे आतले अस्तर कोळसा झाले होते, बाहेरची बाजू मात्र अजून काळी गुळगुळीत होती.

"आतून जळली. पाणी मिळालं नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "शेवटचं कधी धुतलं होतंस हिला?"

थोरल्याने तो खडा पायाने बाजूला सारला.

"बरं. इतकी तापली, मग बझर कसा वाजला नाही? ती तार बघ."

त्याने तार वर ओढली. टोक सरळ, स्वच्छ कापलेले होते. वेल्डरनेही ते पाहिले. थोरल्याच्या हातातून पाना गळून पडला. त्याने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, मग पुन्हा, पुन्हा. ओठ फुटला तरी थांबेना.

"बस कर," बाई ओरडल्या. "मारामारीच करायची होती, ती झाली तुझी. चूक माझीही आहे. नळी कडक झालेली दिसूनही मी चावी दिली. माझी चूक मी कबूल करते. तुझी तू तुझ्या भावापुढे जाऊन कबूल कर."

मग त्या दवाखान्यात गेल्या आणि तिथून पोलीस चौकीत. त्यांनी तक्रार मागे घेतली नाही. थोरला चार दिवस कोठडीत होता. सुटल्यावर तो आधी भावाकडे गेला. धाकट्याने तोंड फिरवले आणि महिनाभर तो त्याच्याशी बोलला नाही. मग थोरला गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, काय करू?"

"उजवा हात मोडलास ना माझा? मग आता तूच माझा उजवा हात हो."

तेव्हापासून तो रोज येतो. बाई सांगतात, तो करतो. मला त्यानेच दुरुस्त केले. धाकटा परवा काठी टेकत आला आणि माझ्या सीटवर जरा वेळ बसून गेला.

मित्रांनो, मला नवी नळी मिळाली, नवा सांधा मिळाला, नवी तार मिळाली. पुन्हा मी पाण्यावर धावते आहे. बाईंचा हात मात्र वाकडाच जुळला आहे. जड पाना उचलताना त्या अजून डोळे मिटून घेतात. आम्हा यंत्रांना जरूर जपा, आम्हाला वेळेवर धुवा, तपासा. आणि राग आला, तर आमच्यावर काढा हवा तर. आमचे सुटे भाग मिळतात.