शामलाची जागा

"काकू, तुमचं गाणं रेकॉर्ड केलं ना, त्यातल्या मधल्या खाली जागा मी कापून टाकल्या," मोहित मोबाइल दाखवत म्हणाला. "आता स्पीकरवर सलग वाजते. फटाके फुटले तरी कुत्रे टेन्शन घेत नाही."

"काहून कापल्या गा?" कुसुमताईच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला.

"काहून म्हणजे? एक ओळ म्हणता अन् चूप बसता."

आता या पोराला काय सांगायचं! दिवाळीत गावाला जाणारे लोक आपली कुत्री हुडकेश्वरला मोहितकडे ठेवून जात. त्यांचं खाणंपिणं कुसुमताई बघायची, आणि कुत्री बावरली की भजन म्हणायची. भजनी मंडळात उभा जन्म ती ओळ म्हणायची आणि डावीकडे बसलेली तिची जाऊ, शामला, तीच ओळ उचलायची. उचलायची आणि शेवट हा असा लांबवायची! कुसुमताई दरवेळी चिडायची. पोळ्याच्या आधी शामला गेली. गळा मात्र अजून तिच्यासाठी थांबायचा. त्या जागेत एकदा तरी तिचा आवाज यावा म्हणून जीव नुसता तडफडायचा. यायचा तो पंख्याचा आवाज.

संध्याकाळी पहिली लड फुटली आणि मोहितने स्पीकर लावला. कुसुमताईचा आवाज ओळीवर ओळ म्हणत सुटला, आणि कुत्र्यांनी असा आकांत मांडला की काही विचारू नका. एका कुत्रीने जाळी खरवडून पंजा रक्ताळून घेतला.

"बंद कर ना बाप्पा ते!" कुसुमताई ओरडली. पोत्यावर फतकल मारून तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

सगळी कुत्री चिडीचूप. बाहेर लड चालूच होती.

"काकू," मोहितचा आवाज बारीक झाला होता, "शेरूकडे पाहा."

शेरू म्हातारा, ठार बहिरा. कानाशी थाळी बडवली तरी हलत नसे. आताही ती गात असताना तो झोपलेलाच होता. पण ती थांबली आणि त्याने मान उचलली, कान टवकारले. बघत होता तो कुसुमताईच्या डावीकडे, मोकळ्या फरशीकडे.

तिने दुसरी ओळ म्हटली; शेरूचे कान पडले. थांबली, पुन्हा उभे. शेपूट फरशीवर आपटू लागली, अगदी भजनाच्या ठेक्यात.

"त्याले तं ऐकूच येत नाही ना? मंग काय ऐकून राहिला तो?" मोहितने विचारलं.

कुसुमताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनेही जीव कानात आणून ऐकलं. काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

"मलेच काहून नाही वं?" ती डावीकडे वळून म्हणाली.

मग ती उठली. कोपऱ्यातलं दुसरं पोतं आणून तिने डावीकडे अंथरलं. फरशी गार होती, आणि गारव्याने शामलाचे गुडघे धरायचे. पुन्हा बसून तिने तिसरी ओळ म्हटली, थांबली, आणि बऱ्याच वेळाने चौथीसाठी तोंड उघडलं. शेरूचे कान अजून उभेच होते.

"लांबव बाई, लांबव," ती पुटपुटली आणि तोंड मिटून बसून राहिली.